वर्गाचा ब्लॉग की पालकांचा ग्रुप? मुलं बोलती कुठे होतात?

(एक चर्चा. प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाटीपेन्सिल

जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित मराठी शाळांमध्ये आता इयत्तागणिक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात असतं काय? 'उद्या डबा आणू नये', 'आधार अपडेट करून घ्या', शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, त्याखाली चाळीस अंगठे आणि मग कुणाच्या तरी मामाचं 'शुभ सकाळ'. याला आपण शाळा-पालक संवाद म्हणतो. ही दवंडी झाली. आणि ज्याच्यासाठी शाळा भरते ते पोर या ग्रुपात कुठेच नाही.

माझं म्हणणं एवढंच: दवंडीसाठी ग्रुप राहू द्या, फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असा करून ठेवा. मुलांच्या लिहिण्यासाठी ब्लॉग काढा. शाळेचा नव्हे, वर्गाचा. शाळेच्या ब्लॉगवर ध्वजवंदन, मान्यवरांचा सत्कार आणि शासन निर्णयांच्या लिंका याच्यापुढे गाडी जात नाही.

ब्लॉगर फुकट आहे आणि मोबाइलच्या ब्राउझरवरूनही चालतो. काढल्या काढल्या सेटिंग्जमध्ये जाऊन शोधयंत्रांना ब्लॉग दिसण्याचा पर्याय बंद करायचा. टिप्पणी कोण करू शकतो, तिथे 'कोणीही' ठेवायचं आणि टिप्पणी तपासण्याच्या पर्यायात 'नेहमी'. 'कोणीही' वाचून दचकू नका. आपल्याकडे १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं स्वतः गुगल खातं काढता येत नाही. म्हणजे 'फक्त गुगल खातेधारक' निवडलं की अख्खी प्राथमिक शाळा दाराबाहेर. 'कोणीही' मध्ये नावाच्या जागी 'चौथी-१२' असा हजेरी क्रमांक घालून लिहिता येतं, आणि तुम्ही मंजूर केल्याशिवाय काही दिसत नाही. तपासणीसाठी आलेल्या टिप्पण्यांची सूचना ज्या ईमेलवर यायची तो रकाना मात्र लोक रिकामा सोडतात. मग टिप्पण्या आत अडकून पडतात आणि मूल चार दिवस वाट बघून नाद सोडतं.

आठवड्याचं चक्र असं. सोमवारी विषय. वहीत आठ-दहा ओळी. शेजारच्याला वाचून दाखवायचं, त्यानं एक प्रश्न विचारायचा, मग दुसरा खर्डा. ब्लॉगवर आठवड्याला पाचच मुलांचं लेखन, म्हणजे तीसच्या वर्गाची एक फेरी सहा आठवड्यांत होते. सगळ्यांचं एकदम टाकलं की कुणीच कुणाचं वाचत नाही. टिप्पणीचा नियम एकच: 'छान', 'मस्त', 'लय भारी' चालणार नाही. कुठलं वाक्य लक्षात राहिलं ते लिहायचं आणि एक प्रश्न विचारायचा. आणि लेखकानं निदान एका प्रश्नाला उत्तर द्यायचंच.

समजा चौथीतल्या मुलीनं लिहिलं: 'आमची शेळी याली. दोन करडं झाली. एक काळं हाय. आजीनं त्याला पोत्यात ठिवलं.' खाली 'छान' आलं की विषय संपला. पण 'पोत्यात का? गुदमरलं न्हाई का?' असं आलं की तिला सांगावंच लागतं: पोतं अंथरलं होतं, तोंड उघडं होतं, बाहेर गार वारं सुटलं होतं, आणि आजीनं आधी चीक पाजला. हा दुसरा परिच्छेद 'सविस्तर लिहा' असं फळ्यावर लिहून कधी येत नाही.

जुना खडू

शेळी झकास. पण त्यात ब्लॉगनं काय केलं? पोत्याचा प्रश्न शेजारच्या बाकावरचा पोरगाही विचारतो, आणि त्याला रिचार्ज लागत नाही.

आता हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवी ६० मुलांच्या पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एकेकाकडे दोन-तीन वर्ग. वर पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवरची माहिती, निवडणुकीचं काम. दहा ओळी म्हणजे साठ-सत्तर शब्द. मोबाइलवर मराठी टाइप करायला आठ-दहा मिनिटं धरा. पाच मुलांची पाऊण तासावर. प्रत्येकाला सहा टिप्पण्या आल्या तर तीस टिप्पण्या वाचून मंजूर करायच्या, त्यातल्या काही परत पाठवायच्या. आठवड्याचे दोन तास गेले. हे दोन तास कुठून आणायचे ते आधी सांगा, सेटिंग्ज नंतर.

आणि वाचतो कोण? लिंक शेवटी त्याच व्हॉट्सॲप ग्रुपात टाकायची. ब्लॉगच्या आकडेवारीत '८५ भेटी' दिसल्या की शिक्षक खूश, पण त्यात त्याच्या स्वतःच्या भेटी धरलेल्या असतात. त्या मोजू नका असा पर्याय आहे, तो लावला की आकडा एकदम खरं बोलायला लागतो. उरतात त्यातही बॉट असतात, म्हणजे माणसं नव्हे, आपोआप फिरणारे प्रोग्राम.

पाटीपेन्सिल

हिशेब बरोबर आहे, पण सगळं काम शिक्षकाच्या अंगठ्यानं होणार हे गृहीत चुकीचं. पाचपैकी तीन लेखनांचे सरळ फोटो टाका. वहीचं पान, काळ्या किंवा गडद निळ्या पेनानं लिहिलेलं. शिसपेन्सिल फोटोत पुसट येते. खिडकीजवळ दिवसाउजेडी, फ्लॅश बंद, फोन पानाच्या बरोबर वर धरून, नाहीतर शिरोरेषा तिरक्या होतात आणि कडेची अक्षरं पसरतात. कडा कापायच्या. रुंदी १२०० पिक्सेल ठेवली तर तीन-चार एमबीचा फोटो दोन-अडीचशे केबीत बसतो आणि पालकाच्या कमी रेंजच्या फोनवरही उघडतो. मुलाचं स्वतःचं अक्षर घरी दिसतं, हा वरचा फायदा.

शेजारच्या बाकाबद्दल: बाकावरच्या प्रश्नाला मूल मान हलवून उत्तर देतं. ब्लॉगवर लिहावं लागतं. आणि वर्गात जी पोरं हात वर करत नाहीत, त्यांना इथे पहिला बोलणारा कोण याची शर्यत नसते.

कोपीवरचा निरोप

दोघंही एक धरून चालला आहात की पालक घरी आहे आणि वाचणारा आहे.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. मार्च-एप्रिलपर्यंत फडावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. मूल मागे राहतं ते आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. अशा आईला ब्लॉगची लिंक पाठवून काय उपयोग? तिला वाचता येत असेल-नसेल. फोन नवऱ्याच्या खिशात, आणि तो चार्ज व्हायचा गावातल्या टपरीवर. तिच्यापर्यंत पोचतो तो आवाज.

व्हॉइस नोट ४० ते ६० सेकंदांची, त्यापेक्षा लांब नको. मुलानं आधी कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: काय शिकलो, घरी काय चाललंय, आणि आईला एक प्रश्न. प्रश्न नसेल तर उलट निरोप येत नाही, हे अगदी पक्कं. 'कशी आहेस' हा प्रश्न नव्हे, त्याला 'बरी हाय' एवढंच येतं. 'तुमच्या फडाला आज किती गाड्या झाल्या?' याला उत्तर लांब येतं, आणि त्यातून गणिताचा तास निघतो. रेकॉर्डिंग दुपारच्या सुट्टीत नको, मागचा कालवाच जास्त ऐकू येतो. फोन तोंडापासून वीतभर. माइकचं बटण दाबून क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि 'आई' ची नुसती 'ई' पोचते.

निरोप ग्रुपात टाकायचा नाही, एकेकट्या नंबरवर. ग्रुपात चार बापे ऐकतात म्हटल्यावर आई उलट बोलत नाही. ब्रॉडकास्ट यादी करावी म्हणाल, तर ती फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. शिक्षक यादीत तीस नावं घालून निर्धास्त होतो आणि निरोप जातो अकराजणांना. म्हणून नवरात्राच्या आसपास, टोळ्या निघायच्या आधी, पालकसभेत फोन हातात घेऊन 'शाळा' नावानं नंबर सेव्ह करून द्यायचा. जोडीला मुकादमाचा किंवा गाडीवानाचा दुसरा नंबर लिहून घ्यायचा, कारण रिचार्ज संपून बरेच दिवस झाले की पहिला नंबर मुका होतो.

आईचा उलट निरोप आला की तो वर्गात स्पीकरवर लावू नका. मुलाला कोपऱ्यात हेडफोनवर ऐकवा. त्यावर काय लिहायचं ते मग तो वहीत लिहील, कुणी सांगावं लागत नाही.

जुना खडू

हे पटलं. एक अंगठा माझाही.

संमतीपत्र

वर 'शोधयंत्रांना दिसणं बंद' असं लिहिलंय, ते कुलूप नव्हे. लिंक ज्याच्या हातात त्याला ब्लॉग दिसतो, आणि ग्रुपात टाकलेली लिंक कुणाच्या हातात जाईल याचा नेम नाही. ब्लॉगरमध्ये निवडक वाचकांचा पर्याय आहे, पण त्याला प्रत्येक पालकानं गुगलनं लॉगिन करून आमंत्रण स्वीकारावं लागतं. तिथेच निम्मे गळतात. म्हणून ब्लॉग जाहीर आहे असं समजूनच काय टाकायचं ते ठरवा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालचं प्रत्येकजण मूल ठरतं, तेरा नव्हे. कलम ९ प्रमाणे त्याची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर मोकळं रान आहे असा अर्थ कुणी काढू नये.

शाळाप्रवेशाच्या अर्जातच 'सर्व उपक्रमांस संमती' अशी ओळ छापून घेतात, ती काही कामाची नाही. एका पानावर चार वेगळे चौकोन करा: मुलाचं लेखन, मुलाच्या अक्षराचा फोटो, मुलाचा आवाज, मुलाचा चेहरा. प्रत्येकावर होय किंवा नाही. खाली एक ओळ: 'ही संमती कधीही मागे घेता येईल', आणि मागे घेतली की किती दिवसांत मजकूर काढणार तेही. बहुतेक पालक पहिल्या दोनांना होय म्हणतात, चेहऱ्याला विचार करतात, आणि तो त्यांनी करावाच. हे पान शाळा व्यवस्थापन समितीत ठरावानं मंजूर करा. तिथे ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, म्हणजे हा निर्णय मुख्याध्यापकाच्या एकट्याच्या गळ्यात राहत नाही.

पाटीपेन्सिल, हजेरी क्रमांकही नको. गावातल्या प्रत्येकाला १२ नंबर कोण ते माहीत असतं. पक्ष्यांची-झाडांची नावं द्या: टिटवी, बोर, साळुंकी, हिवर. यादी शिक्षकाच्या कपाटात कागदावर. दर सत्राला नावं बदला.

फोटोत पाठमोरी मुलं, हात, वही, फळा. गणवेशावरचं शाळेचं नाव आणि खाली मुलाचं पूर्ण नाव हे दोन्ही एकत्र कधीच नको. आणि फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवू नका. साध्या फोटोतली ठिकाणाची नोंद व्हॉट्सॲप काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की मूळ फाइल जशीच्या तशी जाते, त्यात घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात.

ब्लॉगवर एवढं बोलतो आहोत, पण ग्रुपकडे बघा. शिष्यवृत्तीची यादी बँक खात्यांसकट पीडीएफमध्ये टाकली जाते. 'फक्त ॲडमिन' केल्यानं नंबर लपत नाहीत, सगळ्या आयांचे नंबर सगळ्यांना दिसतात. नंबर झाकायचे तर कम्युनिटीचा घोषणा विभाग वापरा किंवा चॅनल. चॅनलवरचा मजकूर मात्र ३० दिवसच राहतो, जूनमधलं वेळापत्रक ऑगस्टमध्ये शोधू नका.

ऱ्हस्वदीर्घ

मला एक सांगा, 'याली', 'हाय', 'ठिवलं' हे असंच जाहीर करायचं? मुलाच्या वहीतली चूक वहीत राहते. ब्लॉगवर गेली की केंद्रप्रमुख बघणार, शेजारच्या इंग्रजी शाळेचे पालक बघणार, आणि 'बघा जिल्हा परिषदेची मराठी' म्हणून स्क्रीनशॉट फिरणार. त्यात मुलाची नामुष्की आणि शिक्षकाचीही. निदान मराठी शाळेनं तरी प्रमाण मराठी दाखवावी. टाकण्यापूर्वी शिक्षकानं दुरुस्त करून टाकलं तर बिघडलं कुठे?

आमी-तुमी

बिघडलं ते असं. दुरुस्त केलेलं लेखन मूल वाचतं आणि त्याला कळतं की हे आपलं नाही. पुढच्या वेळी ते 'माझा आवडता प्राणी गाय आहे. गाय आम्हाला दूध देते' हे लिहून देतं. त्यात चूक एकही नाही आणि गायही नाही.

'याली' ही चूक नव्हे, ती बोली आहे. 'शेळि' ही चूक आहे. या दोन गोष्टी वेगळ्या धरा. बोलीचं रूप तसंच ठेवायचं, विशेषतः कुणी बोललेलं वाक्य असेल तर. लेखन-चूक वाचणाऱ्याला अडखळवत असेल तरच प्रसिद्ध करण्याआधी मुलाला बोलावून त्याच्या हातानं दुरुस्त करून घ्यायची. बाकीच्या चुकांतून आठवड्याला तीन शब्द निवडायचे, कुणाचे ते न सांगता फळ्यावर घ्यायचे. 'आणी', 'पाणि', 'परिक्षा' हे तीन तर पहिल्याच आठवड्यात मिळतात. प्रमाण रूपाचा तास वेगळा घ्या: हीच शेळीची गोष्ट तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायची असेल तर कशी लिहाल? दोन्ही शेजारी ठेवली की मुलांना कुठे काय चालतं ते आपसूक समजतं.

बोलून टाइप करणाऱ्यांसाठी धोक्याची सूचना. फोन बोलीला प्रमाण रूपाकडे ओढतो आणि अहिराणी, वऱ्हाडी शब्दाच्या जागी ओळखीचा भलताच शब्द बसवतो. विरामचिन्हं देत नाही, त्यामुळे दहा वाक्यांची एक आगगाडी होते. मूल वाचून दाखवत असताना प्रत्येक वाक्यानंतर थांबवा, पूर्णविराम हातानं द्या, मग पुढे. तरीही टाइप करण्यापेक्षा निम्म्या वेळात होतं. आणि कार्यालयातल्या संगणकावर श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं ब्लॉगवर चिकटवू नका. तिकडे मराठी दिसतं, इकडे रोमन अक्षरांचा चिवडा पडतो. युनिकोडच हवं.

ऱ्हस्वदीर्घ

'आणी' फळ्यावर घेणार असाल तर माझा निम्मा राग गेला. निम्मा ठेवतो. स्क्रीनशॉटचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

भित्तिपत्रक

नेट जाऊ दे, वीजच नसेल तर? हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं मराठी शाळांना नवी नाहीत. परिपाठातल्या सुविचाराच्या फळ्याशेजारी एक पूर्ण ड्रॉइंग शीट लावा. पाच लेखनं, प्रत्येकाखाली सुतळी ताणून तिला कपड्याचे चिमटे. शेजारी डब्यात पाठकोऱ्या कागदाच्या हातभर नव्हे, बोटभर चिठ्ठ्या. वाचणारा प्रश्न लिहून चिमट्याला लावतो, लेखक त्याच चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहितो. पाटीपेन्सिलचा नियम इथे जसाच्या तसा चालतो. शनिवारी चिठ्ठ्या वहीत डकवायच्या.

बाहेरचा वाचक हवा असेल तर ५० पैशांचं पोस्टकार्ड आहे. पाच मुलांचा आठवड्याचा खर्च अडीच रुपये. पत्ता शाळेचा घालायचा, मुलाच्या घराचा नको. कार्ड उघडंच असतं, संमतीपत्रवाल्यांचा मुद्दा तिथेही लागू. तेवढंही नको असेल तर आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद होते, तिथे दोन शाळांचे शिक्षक भेटतातच. एकानं वह्यांचा गठ्ठा न्यावा, दुसऱ्यानं आणावा. पोस्टमनही नको.

पोस्टकार्डाचं उत्तर यायला दहा दिवस लागतात हे मान्य. पण ब्लॉगवरच्या टिप्पणीलाही मंजुरीची वाट बघत चार दिवस लागू शकतात, ते वर लिहिलेलंच आहे.

रविवारची शाळा

थोडं बाहेरचं. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा बहुतेक रविवारी भरतात. न्यू जर्सीत सकाळचे दहा म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. दोन वर्गांची व्हिडिओवर गाठ घालायची म्हणजे इकडची मुलं जेवणाच्या पाटावर. म्हणून लिहून ठेवलेलं, सवडीनं वाचता येणारं साधनच तिथे उपयोगी, मग तो ब्लॉग असो की सामायिक गुगल डॉक. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. तिथलं दहा वर्षांचं मूल देवनागरीत दोन ओळी लिहायला वीस मिनिटं घेतं. त्याला 'शेळी याली' चा अर्थ विचारावा लागतो, आणि इथल्या मुलाला पहिल्यांदा कुणाला तरी काहीतरी शिकवायला मिळतं. तिथे १३ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीबद्दल कायदा १९९८ पासूनच आहे, तेव्हा संमतीचा कागद तिकडचे पालक स्वतःहून मागतील.

चार्जयादी

ब्लॉग मरतात ते वाचक नसल्यानं नव्हे, बदलीनं मरतात. शिक्षकानं स्वतःच्या जीमेलवरून ब्लॉग काढलेला असतो. बदलीचा आदेश आला, मास्तर दुसऱ्या तालुक्यात, ब्लॉग त्यांच्या खिशात. नवीन शिक्षक नवा ब्लॉग काढतो. गावात एकाच शाळेचे तीन ब्लॉग, तिन्ही वेगवेगळ्या वर्षांच्या स्वातंत्र्यदिनाला थांबलेले.

पहिल्या दिवशी करायची कामं: शाळेच्या नावानं वेगळं जीमेल, व्यक्तीच्या नावानं नव्हे. सेटिंग्जमध्ये परवानग्यांखाली दुसऱ्या शिक्षकाला आमंत्रण पाठवायचं, त्यानं स्वीकारलं की त्याला लेखकावरून ॲडमिन करायचं. आमंत्रण ईमेलमध्ये पडून राहतं आणि मुदत संपते, म्हणून समोर बसवून स्वीकारायला लावा. खाते परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर तपासा. तो जुन्या शिक्षकाचा असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तो तेव्हा जनगणनेच्या ड्युटीवर असतो. बदलीच्या वेळी पदभाराच्या यादीत कपाट, घड्याळ, वजनकाटा लिहितो तसं 'वर्गाचा ब्लॉग, जीमेल व पासवर्ड बंद लिफाफ्यात' अशी ओळ घाला आणि ताबा घेणाऱ्याची सही.

दर सत्राच्या शेवटी बॅकअप. बॅकअपमध्ये लेखन आणि टिप्पण्यांची जी फाइल येते, तिच्यात फोटो नसतात. फोटोंच्या नुसत्या लिंका. वहीच्या पानांचे फोटो टाकणाऱ्यांनी ते वेगळे साठवावेत. एप्रिल २०१९ मध्ये गुगल प्लस बंद झालं तेव्हा त्याच्यामार्फत ब्लॉगवर आलेल्या टिप्पण्या सगळ्या गेल्या होत्या. आणि दोन वर्षं कुणी उघडलंच नाही असं खातं गुगल काढून टाकू शकतं. भित्तिपत्रकवाल्यांची चिठ्ठ्यांची वही याबाबतीत पुढे आहे, वाळवी लागेपर्यंत.

कोपीवरच्या निरोपासाठी एक जोड: ब्लॉगरवर आवाजाची फाइल थेट चढत नाही. ड्राइव्हवर टाकून लिंक द्यावी लागते, आणि 'लिंक असलेला कोणीही' केलं नाही तर प्रत्येक पालकाकडून परवानगी मागणारा ईमेल येतो. तेव्हा आवाज व्हॉट्सॲपवरच बरा.

जुना खडू

एवढं सगळं झालं. पण टाइप कोण करणार ते अजून कुणी सांगितलं नाही.

पाटीपेन्सिल

सातवीतल्या दोन मुली. नीट काम करतात.

आमी-तुमी

मुलीच का? नीट काम म्हणून? शाळा सुटल्यावरचा केर काढायलाही त्याच असतात. मुलींना फोन मिळायला हवा म्हणून म्हणत असाल तर मात्र कारण आहे. 'असर' या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे सुमारे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के आहेत. पाळी लावा: एक मुलगी, एक मुलगा, आठवड्याला दोनदा वीस-वीस मिनिटं, दर महिन्याला जोडी बदलायची. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं, मध्यावर अदलाबदल. एका पाळीत दोन लेखनं होतात. म्हणजे आठवड्याला चार, आणि उरलेल्या एकाचा फोटो.

जुना खडू

आणि फोन कुणाचा? माझाच ना. त्यात माझ्या बँकेचं ॲप, बायकोचे मेसेज.

चार्जयादी

शाळेला टॅब मिळाला असेल तर तो. नसेल तर फोनच्या सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये ॲप पिन करायची सोय असते, ती चालू करा. ब्राउझर उघडून पिन केला की फोन त्याच ॲपमध्ये अडकून राहतो. सूचना येण्याचंही तेवढ्यापुरतं बंद करा. आणि पिन काढताना पासवर्ड मागेल हा पर्यायही लावा, नाहीतर सातवीची पोरं दोन बटणं एकदम दाबून बाहेर येतात.